घटक ६ : व्यवसायाचा ई-मेल पत्ता आणि ग्राहकाचा विश्वास

६.१ प्रस्तावना

मागील घटकात आपण व्यावसायिक पत्राची अंगे पाहिली. पत्रशीर्ष, जावक क्रमांक, दिनांक, विषय, संदर्भ, मायना, मुख्य मजकूर आणि शेवटी ‘आपला विश्वासू’. या अखेरच्या दोन शब्दांपाशी थोडे थांबू. पत्र लिहिणारा स्वतःच स्वतःला विश्वासू म्हणवून घेतो, पण तो म्हणतो एवढ्यावर त्याच्याशी व्यवहार करायला कोणी धजत नाही. विश्वास बसतो तो पत्राच्या इतर अंगांमुळे. छापील पत्रशीर्ष, गोल शिक्का, ओळखीची सही, जावक क्रमांक या सर्व खुणा मिळून असे सांगत असतात की, या मजकुरामागे एक ठिकाण आहे, एक नाव आहे आणि उद्या काही बिघडले तर जाब विचारायला एक दार आहे.

ई-मेलमध्ये यांतील बहुतेक खुणा दुबळ्या झालेल्या आहेत. शिक्क्याचे चित्र कोणीही उचलून आपल्या पत्राखाली चिकटवू शकतो, पत्रशीर्षाची हुबेहूब नक्कल पाच मिनिटांत होते. ग्राहकाला तपासून पाहता येईल अशी, त्याच्या डोळ्यांसमोर असलेली एक खूण मात्र उरते, ती म्हणजे पत्ता. म्हणून या घटकात आपण ई-मेल पत्त्याकडे एक भाषिक रचना म्हणून पाहणार आहोत. पत्त्यातील कोणता भाग ग्राहकाला हमी देतो, तो का देतो आणि मराठी नाव असलेल्या व्यवसायाला पत्ता ठरवताना कोणत्या अडचणी येतात, हे तुम्हाला घटकाच्या अभ्यासानंतर सांगता यावे अशी अपेक्षा आहे. तुमच्यापैकी अनेकजण स्वतःचा व्यवसाय सांभाळून किंवा कोणाच्या तरी पेढीत काम करून शिकत आहेत. त्यांनी हा घटक वाचताना स्वतःच्या कामाचा पत्ता समोर ठेवावा.

एक शब्द आधीच स्पष्ट करू. ‘व्यावसायिक’ आणि ‘धंदेवाईक’ हे दोन्ही शब्द व्यवसायाशी, धंद्याशी नाते सांगणारे असले तरी मराठीत दुसऱ्याला हिणकस छटा आलेली आहे. येथे ‘व्यावसायिक पत्ता’ म्हणजे व्यवसायाच्या स्वतःच्या नोंदणीकृत नावावर असलेला पत्ता, एवढाच अर्थ घ्यावा.

६.२ शिक्का आणि मोर्तब

मजकुराला हमी देण्याचा प्रश्न नवा नाही. शिवकालीन मोडी पत्रांत शिक्का पत्राच्या माथ्यावर उमटवलेला असतो, तर मजकूर जेथे संपतो तेथे मोर्तब केलेले असते. पत्र लांब असले की कागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवले जात आणि त्या जोडांवर मागील बाजूने मोहोर उठवली जाई. या व्यवस्थेत दोन वेगवेगळी कामे साधली जात. हे पत्र कोणाचे, हे शिक्का सांगे. मोर्तब आणि जोडांवरची मोहोर सांगत की, मजकूर येथे संपला, यापुढे कोणी ओळ वाढवलेली नाही आणि मधला तुकडा बदललेला नाही. आज आपण ‘निर्णयावर शिक्कामोर्तब झाले’ असे सहज म्हणतो तेव्हा ही दोन कामे एका समासात बांधली गेलेली आहेत, याचे भान आपल्याला राहत नाही. कोणाचे आणि अबाधित आहे का, हे दोन प्रश्न लक्षात ठेवावेत. पुढे ते पुन्हा येतील.

६.३ पत्ता उजवीकडून वाचावा

टपालाचा मराठी पत्ता आठवा. आधी व्यक्तीचे नाव, मग घर वा गल्ली, मग ‘मु. पो.’, तालुका, जिल्हा आणि शेवटी पिन क्रमांक. लहानाकडून मोठ्याकडे जाणारी ही रचना आहे. लिहिणारा ती वरून खाली लिहितो, पण टपाल वाटपाचे काम शेवटाकडून सुरू होते. १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेल्या सहा अंकी पिन क्रमांकाची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपाल व तार खात्यातील हे अधिकारी संस्कृतचे नामवंत कवी आणि पंडितही होते. भाषेच्या विद्यार्थ्याने हे नाव विसरू नये. त्यांच्या क्रमांकात पहिला अंक मोठा विभाग दाखवतो (महाराष्ट्र आणि गोव्यासाठी तो ४ आहे) आणि शेवटचे तीन अंक विशिष्ट टपाल कार्यालयापर्यंत नेतात. ‘मु. पो.’च्या पुढे एकाच नावाची दहा गावे असू शकतात. पिन क्रमांक त्यांतील नेमके गाव वेगळे काढतो.

ई-मेल पत्त्याची घडणही अशीच आहे. अभ्यासासाठी एक कल्पित पेढी घेऊ : शुभलक्ष्मी मसाले. या पेढीचे दोन संभाव्य पत्ते असे :

शुभलक्ष्मीमसाले१९८७@जीमेल.कॉम
विक्री@शुभलक्ष्मीमसाले.इन

(प्रत्यक्षात असे पत्ते रोमन लिपीत लिहिले जातात. येथे वाचनाच्या सोयीसाठी ते देवनागरीत दिले आहेत.)

मधले ‘@’ हे चिन्ह आपल्या व्यापाऱ्यांना संगणकाच्या आधीपासून ठाऊक आहे. बिलावर ‘१० किलो @ ४० रुपये’ असे लिहिले की त्याचा अर्थ ‘या दराने’. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे संदेश पाठवण्यासाठी हेच चिन्ह निवडले आणि त्याला ‘येथे राहणारा’ असा अर्थ मिळाला. पुढे १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी संगणकांना नावे देण्याची उतरंडीची पद्धत मांडली. तिलाच डोमेन-नाम व्यवस्था म्हणतात. तेव्हापासून पत्त्यातील ‘@’च्या उजवीकडचा भाग नोंदवहीत नोंदवलेले नाव असतो, आणि तोही उजवीकडूनच वाचायचा असतो. ‘.इन’ म्हणजे भारताची नोंदवही, तिच्यात ‘शुभलक्ष्मीमसाले’ हे नाव, आणि त्या नावाच्या घरात ‘विक्री’ ही खोली.

आता पहिला पत्ता पुन्हा पाहा. तेथे पेढीचे नाव आहे, पण ते ‘@’च्या डावीकडे आहे. डावीकडचे नाव म्हणजे मोठ्या चाळीतील एका खोलीच्या दारावर लावलेली पाटी. चाळ पेढीची नाही, गूगलची आहे. तेथे शेजारच्या खोलीवर ‘शुभलक्ष्मीमसाले.ऑफिस’ अशी पाटी लावायला कोणालाही मज्जाव नाही, कारण चाळीच्या मालकाला मसाल्याशी देणेघेणे नाही. दुसऱ्या पत्त्यात पेढीचे नाव उजवीकडे आले आहे. त्या नावाची नोंद एका वेळी एकाच्याच नावे असते आणि त्या घरात कोणाला खोली द्यायची हे पेढीच ठरवते. डावीकडचे नाव हा दावा आहे, उजवीकडचे नाव ही नोंद आहे. ग्राहकाच्या विश्वासाचा सारा प्रश्न या फरकावर उभा आहे.

६.४ सवय कोण लावतो?

समजा, नागपूरच्या एका दुकानदाराने शुभलक्ष्मी मसाल्याकडे दोन लाख रुपयांची मागणी नोंदवली. चार दिवसांनी त्याला ई-मेल येतो : ‘लेखापरीक्षण सुरू असल्याने आमचे नेहमीचे बँक खाते तात्पुरते बंद आहे. कृपया रक्कम खालील खात्यावर जमा करावी.’ मायना बरोबर, विषय बरोबर, मागणीचा क्रमांकही बरोबर. पत्ता मात्र ‘१९८७’ असलेला नसून ‘.ऑफिस’ असलेला आहे. दुकानदार पैसे भरतो. जगभर चालणाऱ्या या फसवणुकीला फार मोठे तांत्रिक कौशल्य लागत नाही. एक जुना ई-मेल हाती लागला आणि भाषा साधली की पुरे.

येथे दोष कोणाचा? दुकानदाराने फोन करून खात्री करायला हवी होती, हे खरेच. परंतु माझ्या मते पेढीचा वाटा त्याहून मोठा आहे. आपले पत्र मोफत सेवेच्या पत्त्यावरून येते, त्यात कधी वर्ष असते तर कधी मालकाच्या मुलाचे नाव असते, आणि तसे ते आले तरी चालते, ही सवय पेढीनेच ग्राहकाला वर्षानुवर्षे लावलेली होती. ज्याला खरा पत्ता ओळखण्याची खूणच दिलेली नाही, त्याने खोटा पत्ता ओळखावा कसा? स्वतःचे डोमेन असलेली पेढी आपल्या प्रत्येक बिलावर एकच वाक्य छापू शकते : ‘आमचे ई-मेल केवळ शुभलक्ष्मीमसाले.इन या नावावरूनच येतात.’ मोफत पत्ता वापरणाऱ्याला हे वाक्य लिहिण्याची सोयच नाही. (फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, पैसे अडवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.)

हाच विचार देशपातळीवर कसा अमलात आला ते पाहा. बँकांच्या नावाने होणारी फसवणूक रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये केवळ बँकांसाठी ‘.बँक.इन’ हे राखीव डोमेन जाहीर केले आणि नंतर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर येण्यास बँकांना सांगितले. त्यांत महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही आल्या. हे नाव विकत घेऊ म्हणून कोणालाही मिळत नाही. हैदराबादची बँकिंग तंत्रज्ञान संशोधन संस्था अर्जदार खरोखर बँक आहे की नाही ते पाहूनच नोंद करते. म्हणजे येथे नोंदवहीच जामीन राहते. पण या जामिनाचा लाभ उजवीकडून वाचणाऱ्यालाच होतो. ‘अमुक.बँक.इन’ हा खरा पत्ता. ‘अमुक-बँक-इन.कॉम’ हा कोणीही घेऊ शकेल असा. त्यात शब्द तेच आहेत, पण शेवट ‘.कॉम’ आहे आणि जोडरेषांनी सांधलेले सारे एकच नाव आहे. मराठीत कर्ता कोण हे विभक्तिप्रत्यय पाहिल्याशिवाय नक्की होत नाही. शब्द ओळखीचे आहेत म्हणून अर्थ लावून मोकळे होणारा वाचक वाक्यातही फसतो आणि पत्त्यातही.

६.५ नवे शिक्कामोर्तब

यावर कोणी विचारील की, ‘प्रेषक’ या रकान्यात खोटे नाव घालता येत नाही का? येते. ई-मेल वाहून नेण्याचा मूळ नियम १९८२ चा आहे आणि तो टपाल खात्यासारखाच भोळा आहे. पाकिटाच्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याने जो पत्ता लिहिला तो पोस्टमन तपासत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी नंतर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन व्यवस्था आल्या. पहिल्या व्यवस्थेत डोमेनचा धारक जाहीर करतो की, माझ्या नावाची पत्रे अमुक यंत्रांवरूनच निघतील. दुसरीत प्रत्येक पत्रावर अशी सांकेतिक सही केली जाते की, सही केलेला मजकूर वाटेत बदलला तर ती जुळत नाही. तिसरीत धारक सांगून ठेवतो की, या कसोट्यांना न उतरलेल्या माझ्या नावाच्या पत्राचे काय करावे. ‘कोणाचे?’ आणि ‘अबाधित आहे का?’ हे आपले मोडी पत्रातील दोन प्रश्न येथे पुन्हा भेटतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी, मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना या तिन्ही व्यवस्था सक्तीच्या केल्या आहेत.

या व्यवस्था डोमेनच्या धारकालाच लावता येतात. मोफत पत्त्यावरून निघालेल्या पत्रावरही मोहोर असते आणि ती खरी असते, पण ती जीमेलची असते. हे पत्र जीमेलच्या एका खातेदाराने पाठवले, एवढेच ती सांगते. तो खातेदार मसाले विकतो की नाही, यावर ती मूक असते.

६.६ मराठी नाव, रोमन पत्ता

आता आपल्या अभ्यासक्षेत्राच्या अगदी जवळचा प्रश्न. पत्ता रोमन लिपीत लिहायचा आणि नाव मराठी, म्हणजे लिप्यंतर आलेच. ‘शुभलक्ष्मी मसाले’ हे नाव रोमनमध्ये कसे लिहाल? ‘शुभ’मधील अंत्य ‘अ’ मराठी उच्चारात लोपतो, म्हणून कोणी शेवटी ‘ए’ लिहिणार नाही. संस्कृत वळणाने लिहिणारा तो लिहील. ‘क्ष’साठी कोणी एकटे ‘एक्स’ वापरील, तर कोणी ‘के-एस-एच’. दीर्घ ‘ई’ कोणी ‘आय’ने दाखवील, कोणी दोन ‘ई’ लिहील. ‘मसाले’तील ‘सा’मध्ये एक ‘ए’ की दोन? चार ठिकाणी प्रत्येकी दोन पर्याय, म्हणजे एकाच नावाची सोळा रूपे झाली. यात ‘व’साठी ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’ हा महाराष्ट्राचा सनातन प्रश्न आलेलाच नाही. ‘ळ’ असलेल्या नावांची गत आणखी वाईट. ‘काळे’ आणि ‘काले’ रोमनमध्ये सहसा एकच होतात.

ग्राहक पत्ता बहुधा कानांनी ऐकतो आणि बोटांनी टंकतो. दूरध्वनीवर पत्ता सांगताना प्रत्येक अक्षर फोडून सांगावे लागत असेल, तर नाव चुकीचे निवडले आहे असे खुशाल समजावे. ऐकणाऱ्याच्या मनात येणारे पहिले रूप कोणते, हे दहा-बारा ओळखीच्या माणसांकडून कागदावर लिहवून घेऊन पाहावे. जे रूप अधिकांनी लिहिले ते मुख्य पत्त्यासाठी घ्यावे आणि दुसऱ्या क्रमांकाचे रूपही स्वतःच्या नावे नोंदवून ठेवावे. मालकाला आवडणारे किंवा अंकशास्त्र्याने सुचवलेले रूप घेण्यापेक्षा हा मार्ग बरा. एकदा रूप ठरले की पाटी, पिशवी, पावती आणि पत्ता या चारही ठिकाणी तेच असले पाहिजे. पाटीवर ‘एक्स’ आणि पत्त्यात ‘के-एस-एच’ अशी स्थिती असेल तर सावध ग्राहकाच्या मनात शंका येते, आणि ती रास्तच असते.

दिसण्याचा धोकाही आहे. रोमनमधील ‘आर’ आणि ‘एन’ ही छोटी अक्षरे शेजारी आली की ‘एम’सारखी दिसतात; छोटा ‘एल’ आणि एकचा अंक यांतही घोटाळा होतो. फसवणूक करणारे याचा लाभ उठवतात. देवनागरीत घ-ध आणि भ-म या जोड्या याच जातीच्या आहेत.

मग सरळ देवनागरीतच पत्ता का घेऊ नये? घेता येतो. २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन मराठी, कोकणी, हिंदी इत्यादी भाषांसाठी खुले झाले, आणि ‘@’च्या दोन्ही बाजूंना रोमनेतर लिपी वापरण्याचे तांत्रिक नियम २०१२ मध्येच तयार झाले होते. अडचण वापराची आहे. अनेक संकेतस्थळांचे अर्ज अजूनही देवनागरी पत्ता टाकला की तो ‘अवैध’ ठरवतात. भाषाप्रेमाने केवळ देवनागरी पत्ता घेऊन ग्राहकाला परत पाठवणे कोणत्याही पेढीला परवडणार नाही. तूर्त देवनागरी नाव नोंदवून ठेवावे, पाटीवर अभिमानाने लिहावे आणि व्यवहारासाठी जोडीला रोमन पत्ता ठेवावा, असे मला वाटते. शिवाय लिपी बदलली म्हणून ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न सुटत नाही, हे निबंध तपासणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

६.७ ‘@’च्या डावीकडे

उजवा भाग हमीचा असला तरी डावा भाग अगदीच निरुपयोगी नव्हे. आपण शासकीय पत्र ‘मा. तहसीलदार’ यांना लिहितो. त्या खुर्चीवर आज कोण आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. तसे ‘विक्री’, ‘लेखा’, ‘तक्रार’ असे पदवाचक पत्ते असले की कर्मचारी सोडून गेला तरी ग्राहकाचा पत्रव्यवहार पेढीकडेच राहतो. कर्मचाऱ्याच्या खासगी पत्त्यावर चाललेला व्यवहार मात्र त्याच्याबरोबर निघून जातो. ‘या पत्त्यावर उत्तर देऊ नये’ असे सांगणाऱ्या पत्त्यांबद्दल एवढेच म्हणतो की, दुकान उघडे ठेवून ग्राहकाकडे पाठ करून बसण्याचा तो प्रकार आहे.

६.८ मर्यादा

मोफत पत्ता वापरणारा अप्रामाणिक असतो, असा अर्थ यातून काढू नये. कितीतरी सचोटीचे दुकानदार, कारागीर, बचत गट असे पत्ते वापरतात आणि त्यांचे ग्राहक त्यांना चेहऱ्याने ओळखतात. प्रश्न येतो तो चेहरा न पाहिलेल्या ग्राहकाचा. उलट बाजूने, स्वतःचे डोमेन असणे हा सचोटीचा दाखला नव्हे. पेटीवर ‘देवगड हापूस’ छापले म्हणून आतला आंबा देवगडचा ठरत नाही. लबाड माणूसही डोमेन घेऊ शकतो. पत्ता माणसाचा स्वभाव सांगत नाही, ठिकाण सांगतो.

हे ठिकाणही मालकीचे नसते, भाड्याचे असते. भाडे फार नाही, साध्या नावासाठी वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर. ई-मेल सेवेचा खर्च वेगळा. पण नूतनीकरण चुकले तर ठरावीक मुदतीनंतर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो, आणि मग जुन्या ग्राहकांनी विश्वासाने पाठवलेली पत्रे त्याच्या हाती पडतात. म्हणून डोमेनची नोंद संगणक दुरुस्त करून देणाऱ्या मुलाच्या नावे न ठेवता पेढीच्याच नावे ठेवावी आणि नूतनीकरणाची तारीख दुकान परवान्याच्या तारखेशेजारी लिहून ठेवावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. पुढील पत्ते उजवीकडून वाचा आणि प्रत्येकात नोंदवलेले नाव कोणते ते सांगा : (अ) लेखा@शुभलक्ष्मीमसाले.इन (आ) शुभलक्ष्मीमसाले.इन@जीमेल.कॉम (इ) सेवा@शुभलक्ष्मीमसाले.इन.ग्राहक-मदत.कॉम. यांपैकी पेढीचा खरा पत्ता कोणता, ते कारणासह लिहा.

२. तुमच्या गावातील, ‘ळ’, ‘व’ किंवा ‘क्ष’ असलेल्या एखाद्या दुकानाचे नाव घ्या. त्याची रोमन लिपीतील संभाव्य रूपे किती होतात ते मोजा. तेच नाव पाच व्यक्तींना दूरध्वनीवर सांगून त्यांना लिहायला लावा आणि आलेल्या रूपांतील फरकांची भाषिक कारणे नोंदवा.

३. ‘शिक्कामोर्तब’ या शब्दाचा आजचा अर्थ आणि त्यातील दोन घटकशब्दांची मूळ कामे यांतील अंतर दहा ओळींत स्पष्ट करा.

४. एका पेढीने मोफत सेवेचा पत्ता सोडून स्वतःच्या डोमेनचा पत्ता घेतला आहे. हा बदल जुन्या ग्राहकांना कळवणारे पत्र प्रमाण मराठीत लिहा. हे पत्र खरोखर पेढीचेच आहे, अशी खात्री ग्राहकाला कशी पटेल, याचा विचार पत्राच्या मजकुरात दिसला पाहिजे.